मोटारीची डुलणारी पुली : परीक्षा व दुरुस्ती

खेड, हवेली, मावळ व आंबेगांव या तालुक्यांतील शेतकऱ्याच्या दारांत पूर्वीं बैलगाडी उभी असे. आतां बहुतेक ठिकाणीं जुनी कां होईना, पण एखादी मालमोटार उभी असते. या भागांत असें घडावें हें स्वाभाविकच आहे. आकुर्डीच्या बजाज टेंपो कारखान्यांत मॅटॅडोर गाड्या तयार होत असत. टेल्को कंपनीची ४०७ ही हलकी मालमोटार सन १९८६ मध्यें व सुमो ही गाडी सन १९९४ मध्यें बाजारांत आली. पुढें सन २००३ मध्यें टेल्कोचें नांव टाटा मोटर्स झालें व सन २००५ मध्यें बजाज टेंपोचें नांव फोर्स मोटर्स झालें. नांवें बदललीं, कांहीं गाड्या निघावयाच्या बंद झाल्या. परंतु त्या काळच्या कित्येक गाड्या अद्याप चाकणच्या बाजारांत कांदा-बटाटा पोंचवीत आहेत. त्यांचें कर्ज केव्हांच फिटलेलें आहे, आणि जुन्या गाडीची खरी किंमत ती हीच.

अशा गाडीस लागणाऱ्या अनेक दुखण्यांपैकीं एक दुखणें दिसण्यांत क्षुल्लक, परंतु परिणामीं फार खर्चाचें आहे. तें म्हणजे इंजिनाच्या पुढील पुलीचें डुलणें. वेळीं लक्ष दिल्यास एखादा बोल्ट, एखादी चावी अगर फार तर नवी पुली एवढ्यावर तें निभावतें. दुर्लक्ष केल्यास क्रँकशाफ्ट खराब होतो. त्यासाठीं सर्व इंजिन उतरवावें लागतें. आणि तो खर्च पुष्कळदां गाडीच्या उरलेल्या किंमतीहून अधिक भरतो. मग गाडी भंगारांत जाते व शेतकरी नव्या गाडीच्या कर्जांत पडतो. म्हणून या विषयाची ओळख प्रत्येक गाडीवाल्या शेतकऱ्यास असावी, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

आम्ही यंत्रशाळेंत शिकलेले नाहीं. आमची हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली, व यंत्राचें जें थोडेंफार ज्ञान आहे तें मिस्त्री लोकांच्या संगतीनें व पुस्तकें चाळून मिळविलेलें आहे. परंतु कचेरींतील एक शिस्त येथें फार उपयोगी पडते. ती अशी कीं, आधीं जागेवर पाहणी, मग पंचनामा, आणि सर्वांच्या शेवटीं निकाल. पुलीच्या बाबतींत लोक नेमकें उलट करतात. ते आधीं निकाल देतात, म्हणजे नवी पुली आणतात, आणि तीही डोलूं लागली म्हणजे पाहणीस बसतात.

पुलीचें काम

इंजिनाच्या पोटांत क्रँकशाफ्ट फिरतो. त्याच्या मागील टोंकास फ्लायव्हील असतें व तेथून शक्ति चाकांकडे जाते. पुढील टोंक टायमिंगच्या झांकणांतून बाहेर आलेलें असतें व त्यावर ही पुली बसविलेली असते. तिच्या खांचेंतून पट्टा जातो. तो पट्टा पाण्याचा पंप, पंखा व वीज तयार करणारा अल्टरनेटर यांस फिरवितो. पट्टा उतरला कीं पाण्याचा पंप थांबतो व थोड्याच मिनिटांत इंजिन तापतें. अशा स्थितींत गाडी तशीच हांकली तर हेडचें गॅसकेट जळतें, हेड वांकतें, व पुढील अनर्थ ओढवतो.

पुली दोन जातींची असते. एक जात अखंड बिडाची अगर पत्र्याची. दुसरी जात तीन भागांची : मध्यें पोलादी किंवा बिडाचा तुंबा, त्याभोंवतीं रबराचा थर, आणि त्याबाहेर वजनदार कडें. पट्ट्याची खांच बहुधा या कड्यावर असते. आपल्या गाडीची पुली कोणत्या जातीची आहे हें मालकानें प्रथम पाहून ठेवावें. कारण दोहोंची परीक्षा व दुरुस्ती निराळी आहे.

रबर कशासाठीं घातलें आहे, हें समजून घेणें जरूर आहे. सिलिंडरांतील प्रत्येक भडक्याबरोबर क्रँकशाफ्टास पिळा बसतो व लगेच तो उलगडतो. हा पिळा इतका सूक्ष्म असतो कीं डोळ्यास दिसत नाहीं. परंतु झोपाळ्यास ठराविक वेळीं ठराविक धक्का दिला म्हणजे जसा झोका वाढत जातो, तसा विशिष्ट वेगावर हा पिळा वाढत जातो. आणि तो आवरला नाहीं तर उत्तम पोलादाचा क्रँकशाफ्टही कालांतरानें मोडतो. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्यानें सन १९१० च्या सुमारास या पिळ्यास आवर घालणारें साधन काढलें. पुढें तेंच काम रबरी थरावर बसविलेल्या वजनदार कड्याकडून होऊं लागलें. शाफ्ट पिळतो तेव्हां कडें किंचित् मागें राहतें, मधलें रबर ताणलें जातें, व धक्क्याचा जोर रबरांत उष्णतेच्या रूपानें जिरतो. म्हणून अशी पुली केवळ पट्टा फिरविणारें चाक नव्हे. ती क्रँकशाफ्टची राखणदार आहे.

डुलण्याचीं लक्षणें

पुली डोलूं लागली म्हणजे पुढील लक्षणें एकेक करून दिसूं लागतात.

पट्ट्याची एकच कड झिजते व तिचे धागे सुटतात. पुलीच्या आसपास काळी रबरी भुकटी जमते. पट्टा वारंवार सैल होतो किंवा उतरतो. संथ चालीवर ठराविक ठेक्यानें टक्‌टक् असा आवाज येतो. हा आवाज पुष्कळदां कनेक्टिंग रॉडचा समजला जाऊन इंजिन विनाकारण उघडलें जातें. पुलीच्या मागील ऑईल सीलमधून तेल पाझरतें व धुळीशीं मिसळून चिखल होतो. तुंबा व शाफ्ट यांच्या सांध्यांतून तांबूस, गंजासारखी पूड बाहेर येते. ही शेवटची खूण विशेष महत्त्वाची आहे. कारण ती तुंबा आपल्या बैठकींत हलत असल्याची निशाणी होय.

हा धोका किती वेगानें वाढतो याचा हिशेब सोपा आहे. संथ चालीवर इंजिन मिनिटाला ७०० फेरे करीत असेल तर पुली सेकंदास सुमारें बारा वेळां फिरते. रस्त्यावर २,४०० फेरे धरले तर सेकंदास चाळीस, व तासास एक लक्ष चव्वेचाळीस हजार फेरे होतात. सैल तुंबा प्रत्येक फेऱ्यास शाफ्टावर थोडा घांसतो. म्हणजे तासाभराची एक खेप झाली कीं चावीच्या खाचेवर लक्षावधि ठोके पडलेले असतात. "एवढा हंगाम निघूं दे, मग पाहूं" हें म्हणणें येथें किती महाग पडेल तें यावरून कळेल.

गाडीच्या चाकाचा दाखला

बैलगाडीचें चाक डोलूं लागलें म्हणजे आपले वडील काय पाहात असत? प्रथम कुणी निसटली आहे कीं काय तें पाहात. नंतर तुंब्याचें भोक मोठें झालें आहे काय, हें पाहात. उन्हाळ्यांत लांकूड सुकून लोखंडी धांव पाट्यांवर सैल झाली आहे काय, हें पाहात. आणि शेवटीं आंसच वांकला आहे काय, हें पाहात. चारही प्रसंगीं चाक डोलतांना सारखेंच दिसे. परंतु एका प्रसंगीं चार आण्यांची कुणी लागे, तर दुसऱ्या प्रसंगीं नवा आंस.

पुलीचेंही हुबेहुब असेंच आहे. कुणीच्या जागीं मधला मोठा बोल्ट व त्याखालील वॉशर आहे. तुंब्याच्या भोंकाच्या जागीं पुलीचें भोंक व चावीची खाच आहे. सैल धांवेच्या जागीं रबरापासून सुटलेलें कडें आहे. वांकलेल्या आंसाच्या जागीं झिजलेलें अगर वांकलेलें क्रँकशाफ्टचें टोंक आहे. डुलणें हें दुखणें नव्हे, दुखण्याची खूण आहे. या चारांपैकीं कोणता भाग डुलतो हें ठरल्याशिवाय खिशांत हात घालूं नये, एवढेंच या लेखाचें सार आहे.

पाहणी : काहीं न खोलतां

गाडी सपाट जागीं उभी करावी, हातब्रेक ओढावा, गिअर मोकळा ठेवावा व चाकांस दगड लावावेत. इंजिन चालूं असतांना पाहणाऱ्यानें धोतराचा सोगा, उपरण्याचें टोंक, सैल बाही किंवा गळ्यांतील माळ लोंबती ठेवूं नये. चालत्या पट्ट्याजवळ हात अगर हत्यार नेऊं नये.

पहिली परीक्षा नजरेची. संथ चालीवर बाजूनें पाहावें. पुली पुढेंमागें हेलकावते, कीं वरखालीं उडते, हें ध्यानांत घ्यावें. पुढेंमागें हेलकावे असतील तर ती वांकडी बसली आहे किंवा कडें तिरपें झालें आहे. वरखालीं उडत असेल तर भोंक मोठें झालें आहे, शाफ्टाचें टोंक वांकलें आहे, किंवा कडें मध्यापासून सरकलें आहे.

दुसरी परीक्षा इतर पुल्यांची. पुष्कळदां दोष क्रँकच्या पुलीचा नसून पाण्याच्या पंपाचा असतो. इंजिन बंद करून पट्टा उतरवावा व पंपाची आणि अल्टरनेटरची पुली हातानें हलवून पाहावी. पंपाची पुली हातास लचकली, किंवा पंपाच्या खालच्या छिद्रांतून पाणी पाझरल्याच्या खुणा दिसल्या, तर पंपाचें बेअरिंग गेलें आहे असें समजावें. पट्टा काढलेल्या स्थितींत इंजिन पाऊण मिनिटापर्यंत चालवून आवाज ऐकण्यास हरकत नाहीं. त्याहून अधिक चालवूं नये, कारण पाणी फिरत नसतें.

तिसरी परीक्षा खडूच्या रेघेची. रबरी पुली असेल तर इंजिन बंद असतां तुंबा, रबर व कडें या तिहींवरून एक सरळ पांढरी रेघ ओढावी. रंगाची रेघ ओढल्यास अधिक टिकते. मग पट्टा लावून इंजिन कांहीं मिनिटें चालवावें व बंद करून रेघ पाहावी. रेघ तुटून कड्यावरील भाग पुढेंमागें गेला असेल तर धांव सैल झाली, म्हणजे रबर सुटलें, हें सिद्ध झालें. अशा पुलीच्या कड्यावर टायमिंगची खूण असल्यास ती खूण खोटी झालेली असते. तिच्यावर विसंबून टायमिंग लावणारा मिस्त्री कितीही कुशल असला तरी फसतो.

चवथी परीक्षा तारेची. ही सर्वांत विश्वासाची आहे. टायमिंगच्या झांकणाच्या एखाद्या बोल्टखालीं जाड ताठ तार धरवावी व तिचें टोंक पुलीच्या तोंडाशीं अगदीं जवळ, पण न टेकतां, येईल असें वांकवावें. मग इंजिन हातानें फिरवावें. मधल्या बोल्टास लांब दांड्याचा पाना लावून, इंजिन ज्या बाजूस स्वभावतः फिरतें त्याच बाजूस सावकाश फिरवावें. समोरून पाहतां बहुतेक इंजिनें घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरतात. डिझेल इंजिनाचा दाब जड लागतो. हीटर प्लग असल्यास ते काढून ठेवावे, नसल्यास दाब हळूहळू सुटूं देत पुढें सरकावें. बॅटरीची तार आधींच सोडलेली असावी.

पाव फेऱ्यास एक याप्रमाणें चार ठिकाणीं तार व पुली यांमधील अंतर फिलर गेजनें मोजून कागदावर लिहावें. प्रथम बाहेरच्या कड्यावर चार मापें घ्यावीं. नंतर तार आंत वळवून तुंब्याच्या तोंडावर चार घ्यावीं. हाच आपला पंचनामा. त्याचा अर्थ असा लावावा :

कड्यावरील मापें बदलतात, पण तुंब्यावरील सारखीं आहेत, तर दोष रबराचा किंवा कड्याचा. दोन्हीं ठिकाणचीं मापें बदलतात, तर दोष तुंब्याच्या बैठकीचा, बोल्टाचा, चावीचा किंवा शाफ्टाचा. दोन्हीं ठिकाणचीं मापें सारखीं आहेत, तर पुली निर्दोष असून दोष पट्ट्यांत किंवा दुसऱ्या पुलींत आहे.

पांचवी परीक्षा क्लचची. एका माणसानें इंजिन बंद असतां क्लच दाबावा व सोडावा. दुसऱ्यानें पुलीकडे पाहावें. क्लच दाबतांना पुली डोळ्यास दिसण्याइतकी पुढें सरकत असेल तर क्रँकशाफ्टचे थ्रस्ट वॉशर झिजले आहेत. क्रँकशाफ्टास पुढेंमागें थोडी मोकळीक असावीच लागते. ती सामान्यतः मिलिमीटरच्या एक दशांशापासून तीन दशांशांपर्यंत असते. नक्की मर्यादा त्या त्या इंजिनाच्या पुस्तकांत दिलेली असते व तीच प्रमाण मानावी. हा दोष असल्यास नवी पुली आणून कांहीं उपयोग नाहीं. खालून चेंबर उघडावें लागेल.

उतावळेपणाचें एक उदाहरण

चाकणच्या आसपासच्या एका बागाइतदाराच्या जुन्या मालमोटारीची हकीगत आमच्या कानीं आहे. एका हंगामांत तिनें तीन पट्टे खाल्ले. प्रथम पट्टे हलके म्हणून भारी किंमतीचे आणले. नंतर पाण्याचा पंप बदलला. नंतर भंगारवाल्याकडून दुसरी पुली आणून बसविली. तीही डोलूं लागली. शेवटीं एका वृद्ध फिटरनें तार लावून मापें घेतलीं. तुंबा व कडें दोन्हीं सारखींच हेलकावत होतीं. पुली उतरवून पाहतां बोल्टाखालील जाड वॉशर बशीसारखा खोलगट झालेला, चावीच्या कडा दबलेल्या, व खाच एका बाजूनें रुंद झालेली आढळली. बोल्ट घट्ट दिसे, परंतु तो पुलीस दाबीत नव्हता. पहिला पट्टा फाटला त्याच वेळीं ही पाहणी झाली असती तर बोल्ट, वॉशर व चावी एवढ्यावर काम भागलें असतें. मधल्या काळांत खाच रुंद झाली, व तिच्यासाठीं निराळी चावी घडवावी लागली. क्रँकशाफ्ट वांचला, हें त्या गृहस्थाचें सुदैव.

पुली उतरविणें

बॅटरीची तार सोडावी. जागा अपुरी असल्यास रेडिएटर व पंखा काढावा. अल्टरनेटर सैल करून पट्टा उतरवावा. मधला बोल्ट फार आवळलेला असतो. तो सोडतांना इंजिन फिरूं नये म्हणून मागें फ्लायव्हीलचे दांत अडकवावेत, किंवा गाडी वरच्या गिअरमध्यें टाकून दुसऱ्यानें ब्रेक दाबून धरावा. पाना चेसिसला टेकवून स्टार्टरचा झटका देण्याची युक्ति कांहीं गॅरेजांतून चालते. तिनें हात मोडण्याचा व फ्लायव्हीलचे दांत जाण्याचा संभव असल्यामुळें ती कोणीं करूं नये.

पुली पुलरनें ओढून काढावी. तुंब्यावर आटे पाडलेलीं भोंकें असतात, त्यांतच पुलरचे बोल्ट बसवावेत. बाहेरच्या कड्यास पुलरचे पंजे लावल्यास चांगलें रबरही फाटतें. घणाचे ठोके मारूं नयेत. बीड तडकतें व तो धक्का थेट थ्रस्ट वॉशरवर जातो. गॅसच्या ज्योतीनें तापवूं नये. रबर व ऑईल सील दोन्हीं जळतात.

उतरविल्यावर सर्व भाग डिझेलनें धुऊन उजेडांत पाहावे. चावी दबली किंवा कातरली आहे काय? खाचेच्या दोन्हीं भिंती उभ्या व समांतर आहेत काय? भोंकांत चकाकणारे पट्टे किंवा तांबूस पूड आहे काय? बोल्टाचे आटे ताणलेले आहेत काय? वॉशर सपाट आहे काय? तुंब्याच्या मानेवर, जेथें ऑईल सीलचा ओंठ टेकतो तेथें, नखास लागेल अशी चर पडली आहे काय? शेवटीं शाफ्टाचें टोंक मायक्रोमीटरनें दोन काटकोनी दिशांस मोजावें, व डायल गेज लावून इंजिन हातानें फिरवून पाहावें. टोंक सरळ असल्यास कांटा मिलिमीटरच्या कांहीं शतांशांहून अधिक हलूं नये.

मायक्रोमीटर व डायल गेज शेतकऱ्याच्या घरीं नसतात हें खरें. परंतु भोसरीच्या औद्योगिक वसाहतींत व चाकणच्या आसपास लेथचीं लहान लहान वर्कशॉपें पुष्कळ आहेत. सन १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें व पुढें या पट्ट्यांतील जमिनी कारखान्यांकडे जात गेल्या. त्या व्यवहाराचे कागद हाताळण्यांत आमच्यासारख्या कारकुनांचे दिवस गेले. ज्या शिवारांत बाजरी डोलत असे तेथें आतां मिलिमीटरच्या शतांशापर्यंत मोजणारे कारागीर बसले आहेत. शेजारीं आलेल्या या विद्येचा लाभ शेतकऱ्यानें आपल्या गाडीसाठीं अवश्य घ्यावा.

दोषाप्रमाणें दुरुस्ती

बोल्ट सैल, पण बैठक शाबूत : नवा बोल्ट व नवा वॉशर आणावा. ताणलेला बोल्ट पुन्हां वापरणें ही खोटी काटकसर होय. आटे साफ करून टॉर्क पान्यानें पुस्तकांत दिलेल्या मापापर्यंत आवळावा. "अंगांत होतें तितकें बळ लावलें" हें माप नव्हे.

चावी गेली : त्याच मापाची, योग्य पोलादाची चावी घ्यावी. खिळा किंवा गज घांसून केलेली चावी बसवूं नये. खाच एका बाजूनें रुंद झाली असल्यास कुशल कारागिराकडून पायरीची चावी करून घेतां येते. फार रुंद झाल्यास तुंब्यांत दुसऱ्या जागीं नवी खाच पाडावी लागते. पुष्कळ इंजिनांत टायमिंगचें गिअरही याच टोंकावर बसलेलें असून याच बोल्टाच्या दाबानें पक्कें राहतें. म्हणून चावी तुटलेली आढळल्यास टायमिंग तपासल्याशिवाय इंजिन सुरू करूं नये. व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्याचा धोका असतो.

रबर सुटलें : संपूर्ण पुली बदलावी, दुसरा इलाज नाहीं. येथें कांहीं कारागीर कडें तुंब्यास वेल्डिंग करून देतात, किंवा ट्यूबचे तुकडे व चिकट द्रव्य भरून देतात. वेल्डिंग केल्यावर पुली डोलत नाहीं, हें खरें. परंतु पिळ्याचा जोर जिरविणारें रबर निरुपयोगी झाल्यामुळें तो सर्व जोर क्रँकशाफ्टावर पडतो. राखणदारास खांबास बांधून ठेवल्यासारखें तें होईल. तसेंच भंगारांतील जुनी रबरी पुली घेऊं नये. रबर वयानेंच कडक होऊन तडकतें, मग ती पुली कितीही कमी चाललेली असो.

भोंक मोठें झालें : अखंड पुली असल्यास भोंक लेथवर मोठें करून आंत पोलादी बुश ठोकून, तो शाफ्टाच्या मापाचा करून घेतां येतो. भोंक व पट्ट्याची खांच हीं एकमेकांशीं एककेंद्र आहेत हें लेथवरच डायल गेज लावून पाहून घ्यावें. नाहीं तर दुरुस्त केलेली पुलीही डोलेल. रबरी पुलीचें भोंक बिघडल्यास नवी घेणेंच श्रेयस्कर.

मानेवर चर पडली : सीलच्या जागीं पातळ पोलादी वेष्टण चढवितां येतें. तें न मिळाल्यास लेथवाल्याकडून मान दुरुस्त करून घ्यावी. ऑईल सील मात्र प्रत्येक वेळीं नवेंच घालावें.

शाफ्टाचें टोंक झिजलें : इंजिन उतरवून, क्रँकशाफ्ट काढून, टोंकावर धातूचा थर चढवून तें ग्राइंडरवर मापास आणावें लागतें. इंजिनांत असतांनाच टोंकावर वेल्डिंगचे टांके घालूं नयेत. त्या उष्णतेनें शाफ्ट वांकतो व ठिसूळ होतो. टोंक वांकलें असल्यास खर्चाचा अंदाज आधीं लेखी घ्यावा, व गाडीची किंमत आणि तो खर्च समोरासमोर मांडून निर्णय करावा.

पुन्हां बसविणें

शाफ्टाचें टोंक व पुलीचें भोंक कोरडें, स्वच्छ पुसावें. सीलच्या ओंठास थोडें तेल लावावें. चावी व खाच जुळवून पुली बोल्टाच्या किंवा लांब स्टडच्या साह्यानें ओढून बसवावी; ठोकून बसवूं नये. पट्टा चढविण्यापूर्वीं तारेची परीक्षा पुन्हां करावी व नवीं मापें जुन्या मापांशेजारीं लिहावीं. मापें चारही ठिकाणीं जुळलीं तरच काम पुरें झालें असें समजावें.

नंतर पुल्या एका रेषेंत आहेत काय, हें सरळ पट्टी किंवा ताणलेली सुतळी लावून पाहावें. पेरणीच्या तासांची ओळंब ज्यानें पाहिली आहे त्यास हें शिकवावयास नको. जुना पट्टा एका कडेनें झिजलेला असल्यामुळें नवाच घालावा. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्यानें बेताचा दाब दिला असतां पट्टा सुमारें दहा ते बारा मिलिमीटर दबावा. फार ताणल्यास पंपाचें व अल्टरनेटरचें बेअरिंग जातें. फार सैल ठेवल्यास पट्टा घसरतो. पांचशें किलोमीटर चालल्यावर पट्ट्याचा ताण व मधला बोल्ट पुन्हां तपासावा.

वाटेंत दोष दिसल्यास

भरलेल्या गाडीची पुली वाटेंत डोलतांना आढळली तर काय करावें, असा प्रश्न स्वाभाविक आहे. माल नाशवंत, बाजाराची वेळ ठरलेली, आणि पुणें-नाशिक रस्त्यावरील वाहनांची दाटी सर्वांस ठाऊकच आहे. तरीही आमचा सल्ला एकच : गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावें व माल दुसऱ्या गाडींत भरावा. एका खेपेचें भाडें गेलें तर तें पुढच्या खेपेंत भरून येतें; क्रँकशाफ्ट भरून येत नाहीं. पट्टा काढून गाडी हांकणें तर मुळींच योग्य नव्हे.

याहून चांगला मार्ग म्हणजे हंगामापूर्वींची पाहणी. सातगांव पठारावरील बटाटा निघण्याच्या आधीं, किंवा उन्हाळी कांदा बाजारांत जाऊं लागण्याच्या आधीं, अर्धा दिवस काढून नजर, खडू, तार व क्लच या परीक्षा कराव्या. यांस पैसा लागत नाहीं. प्रत्येक गाडीची एक वही ठेवावी. तींत तारीख, किलोमीटर, घेतलेलीं मापें, बदललेले भाग व बोल्ट आवळल्याचें माप लिहावें. जमिनीचा उतारा जसा वेळोवेळीं पाहून ठेवतों तशी ही वहीही पाहावी. मागील वर्षीं जुळणारीं मापें यंदा जुळत नाहींत, असें वहींत दिसलें म्हणजे रोग डोळ्यास दिसण्यापूर्वींच हातीं लागतो.

शेतकरी बंधूंनीं हें सर्व काम स्वतः करावें असें आमचें म्हणणें नाहीं. पुली उतरविणें व शाफ्ट मोजणें हें जाणत्या मिस्त्रीचेंच काम आहे. परंतु पाहणी मालकाची असावी. जो मालक चार मापें लिहिलेला कागद घेऊन गॅरेजांत जातो, त्यास काय दुरुस्त करावयाचें तें ठाऊक असतें. आणि जो नुसता "पुली डोलते" एवढेंच सांगतो, त्याच्या गाडीचे भाग एकामागून एक बदलले जातात. पहिल्याची जुनी गाडी आणखी कित्येक हंगाम चालेल, याविषयीं आम्हांस शंका वाटत नाहीं.